हशाच्या आठ मात्रा

हसणाऱ्या चारशे माणसांत एक हसणं ताईचं निघालं. दुपारी सव्वातीनला, संकलकाच्या खोलीत, मी बिस्किट चहात बुडवून धरलेलं असताना. तुकडा पडला कपात. "मागे घे," मी म्हटलं, "परत ऐकव." त्याने मागे घेतलं. आधी गाणाऱ्या बाईचा आवाज, मग ड्रमवर दोन ठोके, मग हशा; आणि हशा ओसरायला आला की सगळ्यांच्या मागून, गाडी चुकलेल्या माणसासारखं धापा टाकत येणारं ते एक हसणं, श्वास बाहेर सोडायच्या ऐवजी आत ओढून घेणारं. आमच्या घरात असं एकच माणूस हसतं. आई म्हणायची, या पोरीचं हसू उलटं शिवलंय. "ओळखीचं आहे का कुणी?" संकलकाने विचारलं. "छे! माइकच्या जवळ बसली असेल कुणीतरी," मी म्हटलं. वर "काय एकेक प्रेक्षक असतात" असंही म्हटलं आणि चमच्याने बिस्किटाचा गाळ काढत बसले. तो गाळ काढायला मला फार वेळ लागला.

ताई फितीवरचं हे नाटक बघायला कधीच आली नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि चोवीस वर्षं मी या एका गोष्टीच्या आधारावर निवांत खातपीत होते. पहिल्या प्रयोगाला तिला ताप होता. पंचविसाव्याला भावोजींची बदली निघाली होती. नंतर नंतर मीच पास पाठवायला विसरायला लागले आणि तीही विचारायला विसरायला लागली. असं दोघींनी मिळून, सांभाळून विसरणं बहिणींनाच जमतं. शंभरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला होता. "कसा गं झाला शंभरावा?" "हाउसफुल," मी म्हटलं होतं. "लोक हसले का?" "हसले म्हणजे काय, छप्पर उडालं." "बरं झालं," ती म्हणाली होती, आणि मग पाणी आलंय, बादल्या भरायच्यात, असं काहीतरी बोलून तिने फोन ठेवला होता. संकलकाच्या खोलीतली फीत त्याच शंभराव्या प्रयोगाची होती.

नाटक माझं. गाणीही माझीच, चाली आमच्या संगीतकाराच्या. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. गोष्ट एवढीच, की एका देशाचा प्रमुख मरतो आणि हुकूम निघतो, प्रत्येक घराने रडलं पाहिजे. रडणं मोजायला एक नवीन खातं उघडतात, अश्रूखातं. त्याचे कारकून काचेच्या बाटल्या घेऊन दारोदार हिंडतात. बाटल्यांवर रेघा, औषधाच्या बाटलीवर असतात तशा. रेघेपर्यंत भरली नाही की शिक्षा. लोक कांदे लपवून ठेवतात, शेजाऱ्यांची रडकी मुलं तासाभरासाठी मागून आणतात. आणि एका घरात एक बाई निघते, जिच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा येत नाही. तिचा स्वतःचा मुलगा गेलेला असतो, त्याच आठवड्यात, आणि ती त्याच्यासाठीही रडलेली नसते. ती बसून त्याच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करत असते आणि कारकून तिच्याभोवती बाटली घेऊन नाचतात. 'डोळे कोरडे, बूट चकाचक, साहेब, गुन्हा लिहून घ्या.' या गाण्याने आम्हाला तारलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. माझ्या दातांच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असताना ते गुणगुणलेलं आहे, आणि मी आ वासून ऐकलेलं आहे.

संगीतकार हुशार होता. लोक हसले की पुढची ओळ त्यात बुडते, हे तो पहिल्या पाच प्रयोगांत शिकला. मग त्याने चालीच्या वहीत प्रत्येक विनोदी ओळीनंतर आठ मात्रा मोकळ्या सोडल्या आणि वर बारीक अक्षरात लिहिलं : हशा. तेवढ्यात ड्रमवाला हलका ठेका धरून ठेवायचा, नटी दम घ्यायची, लोक हसून मोकळे व्हायचे. या एका गाण्यात अशा सहा जागा. आता सिनेमा करायचा ठरला तेव्हा ती वही नव्या संगीत संयोजकाच्या हाती गेली. हा गृहस्थ फार काटेकोर. त्याने मात्रान् मात्रा उतरवून घेतली, चाळीस वादक बसवून गाणं नव्याने ध्वनिमुद्रित केलं, हशाच्या मात्रांसकट. चित्रीकरणात नवी नटी त्यावर ओठ हलवत होती आणि त्या आठ मात्रा आल्या की नुसती समोर बघत थांबत होती. सेटवर एकाच्याही लक्षात आलं नाही. सगळ्यांना नाटक पाठ, सगळ्यांच्या कानात हशा आपोआप वाजत होता. माझ्याही. चार दिवस मी खुर्ची टाकून तिथे बसले होते आणि मान डोलवत होते. चूक दिसली ती सेट मोडून लाकडं भंगारात गेल्यावर. पडद्याभर एका बाईचं तोंड, आठ मात्रा, आणि कुणीही हसत नाही. एवढा वेळ कुणाच्या तोंडाकडे आपण घरीसुद्धा बघत नाही. मग त्या जागा किती कापायच्या ते ठरवायला संकलकाने जुन्या प्रयोगाची फीत चित्राखाली जोडली, आणि माझं बिस्किट पडलं.

दिग्दर्शकाला मात्र ती चूक फार आवडली. "बाई, हे घबाड आहे घबाड! पाच जागा अशाच ठेवू. लोकांना कळायचंच नाही, हसावं का काय करावं. आणि सहाव्या जागी..." त्याने पुढे झुकून स्वतःच्या डोळ्याखालून बोट फिरवलं, "एक थेंब." "ती रडत नाही," मी म्हटलं. "माहीत आहे हो. काँप्युटरवर लावून मिळतो. तुम्ही फक्त सांगा, एक लावू का दोन?" अश्रूखात्याचं नाटक मी लिहिलं, पण हे मलाही सुचलं नसतं. पंधरा दिवस आमचं वाजत होतं. करारात मी एक कलम घालून घेतलं होतं, कथेत बदल माझ्या सहीशिवाय नाही. ते कलम मी घट्ट धरून बसले होते. ती रडली तर कारकून जिंकले, मी सांगायची. ती रडत नाही म्हणून तर नाटक आहे. "नाटकात चाललं," तो म्हणायचा. "तिथे मागच्या रांगेला तिचे डोळे दिसत नव्हते. इथे पापणी न् पापणी दिसते. आई आहे ती, बाई. कुठली आई रडत नाही?" "असते एखादी," मी म्हणायचे, आणि हे म्हणताना दर वेळी माझा आवाज चढायचा. मला वाटायचं, मी कलेसाठी भांडतेय. त्याला सोमवारी दुपारपर्यंत माझं उत्तर हवं होतं.

ती एखादी म्हणजे ताई. तिच्या मुलाला मी मास्तर म्हणायचे. अकरा वर्षांचं कार्टं, पण चुका काढण्यात कुणाला हार जायचं नाही. मावशी, दरवाजा ढकलायचाय, ओढायचा नाही. मावशी, तुझं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. पाच दिवसांच्या तापात गेला. मी पोचले तेव्हा बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती आणि ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्याच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करत होती. डबीचं झाकण अडकलं होतं, ते तिने चमच्याच्या दांडीने उघडलं. एक बूट झाला, दुसरा झाला, मग पहिला परत. नखं काळी झाली होती. डोळे ठणठणीत कोरडे. शेजारची बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "रडत नाही हो ही. एकदासुद्धा नाही." तिच्या आवाजात राग होता, ताईने जमलेल्या सगळ्यांचा अपमान केल्यासारखा. मी तीन दिवस राहिले. ताईजवळ बसले, तिचे केस विंचरून दिले, तिला घास भरवला, हे सगळं खरं. पण तीन दिवस मी तिच्याकडे बघत होते. चौथ्या दिवशी तालीम होती म्हणून निघाले आणि बसमध्ये तिकिटाच्या मागे पहिली ओळ लिहिली. लाज वाटली का? वाटली. पण ओळ चांगली होती, आणि चांगली ओळ आली की मी माणसातून उठते. पुढे दोन वर्षांनी नाटक उभं राहिलं तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की मी ताईच्या बाजूने लिहिलंय, हसं होतंय ते कारकुनांचं. लोक मात्र बुटांनाच हसायचे. हे मला दुसऱ्याच प्रयोगात कळलं होतं, आणि मी एक शब्द बदलला नाही.

फितीची नक्कल मी घरी घेऊन आले. त्या सहा जागा दोन दिवसांत किती वेळा ऐकल्या असतील कुणास ठाऊक. पहिल्या जागी ताई सगळ्यांच्या मागून हसते. दुसऱ्या, तिसऱ्या जागी तेच. चौथ्या जागी इतकी उशिरा, की नटीने पुढची ओळ उचललेली असते. आणि पाचव्या जागी ती सगळ्यांच्या आधी हसते. ओळ संपायच्याही आधी. चारशे माणसं अजून गप्प आहेत आणि अंधारात एकटी ताई श्वास आत ओढून हसते. मग ते चारशे. इथे आलं की मी फीत मागे घ्यायचे. सहाव्या जागी ती हसते की नाही ते टाळ्यांत कळत नाही. हळूहळू ते हसणं फितीबाहेर यायला लागलं. लिफ्टचं दार मिटताना शेवटी जी हवा आत खेचली जाते, तिच्यात ते होतं. बेसिनमधलं पाणी संपता संपता भोकातून जो आवाज येतो, त्यात होतं. औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते, मागे कुणीतरी शिंकेच्या बेताने श्वास ओढला आणि मी गर्रकन वळून त्याच्याकडे असं काही बघितलं, की त्या बिचाऱ्याची शिंक आतच राहिली. ताई रडली असती तर मला समजलं असतं. मी पाय धरले असते. तेवढी तालीम मी मनातल्या मनात इतकी वर्षं करूनच होते. पण हसण्याचं काय करायचं? भान सुटून हसली? की मला हसली, ही बघा माझी बहीण, हिला एवढंच दिसलं, म्हणून? की तिला खरोखरच गंमत वाटली? या शेवटच्या शक्यतेची मला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. रविवारी सकाळी मी ताईकडे गेले.

ती उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती. पासष्टीला आली तरी अभ्र्यांना इस्त्री करते, डोकं टेकलं की चुरगळणारच ना गं, असं म्हटलं की म्हणते, "म्हणून काय झालं?" भावोजी बाहेर गेले होते. वाटेत मी सगळं जुळवून ठेवलं होतं, सुरुवात कशी करायची, माफी कुठे मागायची. तिने दार उघडलं, "चपला बाहेरच काढ, आत्ताच पुसलंय," म्हणाली, आणि माझं जुळवलेलं सगळं विसरलं.

"ताई, तू शंभराव्या प्रयोगाला आली होतीस," मी म्हटलं.

इस्त्री काही थांबली नाही. "कुणी सांगितलं?"

"फितीवर तुझं हसणं आहे."

"अगं बाई! एवढं कळतं?" तिने डावा हात तोंडावर नेला, आणि मी बघते तर ती चक्क लाजली होती. "ह्यांना सांगितलं, चष्म्याचा नंबर काढून येते. खिडकीवर तिकीट काढलं. मागून तिसरी रांग मिळाली. शेवटी तू स्टेजवर आलीस ना, तेव्हा एवढी बारीक दिसत होतीस. म्हटलं, ही जेवते की नाही धड."

"ताई, तू हसत का होतीस?" माझा आवाज चिरकला.

तिने अभ्रा उलटा केला, कोपरे ओढून सरळ केले. "सगळेच हसत होते गं. शेजारी एक माणूस होता, तो तर हसून हसून माझ्या अंगावर कलंडत होता. दर वेळी हसला की माझ्याकडे बघायचा, कसं आहे, म्हणून. मी एकटीच गप्प बसले असते तर त्याला कळलं असतं ना."

"काय कळलं असतं?"

"ती मीच म्हणून."

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "पाचव्या वेळी तू सगळ्यांच्या आधी हसलीस." का म्हटलं कुणास ठाऊक, एवढं ऐकल्यावर गप्प बसायला हवं होतं. ताईने आठवून बघितलं. "ते डबीचं ना? चमच्याने झाकण उघडते ते? मला माहीतच होतं काय येणार. घाई झाली माझी." आणि ती परत तशीच हसली, श्वास आत घेऊन, माझ्यासमोर, उजेडात. मी रडायला लागले. नाकातोंडातून पाणी येईपर्यंत रडले, लहान पोरीसारखी. "झालं सुरू?" ताई म्हणाली. "तुझं आपलं लहानपणापासून बरं आहे." तिने ढिगातला सगळ्यांत जुना अभ्रा काढून माझ्या मांडीवर टाकला. "ह्याला पूस. चांगल्याला नको."

"मी ते गाणं काढून टाकते सिनेमातून," मी म्हटलं. "उद्याच सांगते. माझ्या सहीशिवाय काही करता येत नाही त्यांना."

"काढतेस कशाला? चांगलं गाणं आहे. भांडी घासताना मी म्हणते कधीकधी, ह्यांच्या कानावर जाणार नाही असं." ती थोडा वेळ इस्त्री फिरवत राहिली. "नाहीतरी त्याच्या बुटांचं नाव दुसरं कोण काढतं?"

मला इतकं हलकं वाटलं, की त्याची आता शरम वाटते. वाटलं, सुटले. आणि सुटलेल्या माणसाला बडबड सुचते, तशी मी बडबडायला लागले. चित्रीकरणातली चूक सांगितली, त्या मोकळ्या आठ मात्रा, ते पडद्याभर तोंड. दिग्दर्शक काँप्युटरवरून थेंब लावतो म्हणतो, तेही सांगितलं. "एक लावू का दोन विचारतो, मूर्ख! पंधरा दिवस भांडतेय मी त्याच्याशी. म्हटलं, ती रडणार नाही. माझी सही मिळायची नाही. ती रडली नाही म्हणून तर ती कोण आहे ते कळतं. ताई, मी तुझ्यासाठी भांडतेय. तू त्या सगळ्यांसमोर रडली नाहीस, एकदासुद्धा नाही, तेच तर मी..."

ताईने इस्त्री उभी केली. भिंतीवरचं बटण बंद केलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मी रडले नाही हे तुला कुणी सांगितलं?"

"तू चौथ्या दिवशी गेलीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बस किती वाजता सुटली ते सांगावं तसं सांगत होती. "तालीम होती तुझी. जा म्हटलं मीच. पण मग मी रडले नाही, हे तू लिहिलंस कशावरून?"

कशावरून? तीन दिवस बघितलं त्यावरून. शेजारची बाई कानात म्हणाली त्यावरून. दोनशे साठ प्रयोग झाले, प्रत्येक प्रयोगाला मी विंगेत उभी राहून त्या कारकुनांना मनातून शिव्या दिल्या, की मेल्यांनो, तुम्हाला बाटलीत आलं तेवढंच खरं वाटतं. आणि ताईच्या स्वयंपाकघरात दारात उभी राहून मी काय केलं होतं? माझ्या हातात बाटली नव्हती, तिकीट होतं, एवढाच फरक. बरं, दिग्दर्शक तरी विचारत होता, एक का दोन. मी शून्य लिहून मोकळी झाले होते, वर त्याला तत्त्व म्हणत होते. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि कळूनही माझ्या तोंडून माफी आली नाही. वेगळंच काहीतरी वर येत होतं. मला ते ओळखू येत होतं आणि आवरत नव्हतं.

"गाणं राहू दे," ताई म्हणाली. "बूट राहू देत, डबी राहू दे. लोक हसू देत हवं तर. फक्त ती रडली नाही, असं नको म्हणूस."

"मग कधी रडलीस?" मी विचारलं. "ताई, कधी? कुठे होतीस? कोण होतं घरात?"

प्रश्न भराभर येत होते. मी खुर्चीच्या कडेवर आले होते, रडं कधीच थांबलं होतं, आणि माझा हात पर्समध्ये गेला होता. रुमाल शोधत होते असं मी कुणालाही सांगितलं असतं. पण बोटांना पेन लागलं होतं, आणि मी ते सोडलं नव्हतं.

ताईने माझ्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ढिगातून पुढचा अभ्रा ओढून घेतला.

"ते नाही सांगायची तुला," ती म्हणाली. "तू लिहिशील."